संगीतलेखन, संगणकीय

पाश्चात्त्य संगीतातील पंचरेषांकित स्वरलेखन अक्षरे, अंक व विरामचिन्हे यांच्या संहितेत उतरवून संगणकाकरवी मुद्रणासाठी जुळविण्याची पद्धती. पंचरेषांवर स्वराची उंची उभ्या स्थानावरून व क्रम डावीकडून उजवीकडे कळतो. प्रारंभीच्या संगणकास मात्र छिद्रित पत्रांवरील एकामागून एक येणारी चिन्हेच देता येत. त्यामुळे कागदावरील स्थान नोंदवावे की सांगीतिक अर्थ, हा मूलभूत प्रश्न ठरला.

स्टीफन बाउअर-मेंगेलबर्ग यांनी अमेरिकेत १९६३ मध्ये आरंभिलेल्या ‘डार्म्स’ या संकेतावलीत स्थानास प्राधान्य होते. सर्वांत खालच्या रेषेस २१ व वरच्या रेषेस २९ हे क्रमांक असून कालमान अक्षरांनी दर्शवीत. संगीत न जाणणाऱ्यासही अशी नोंद करता येई. परंतु कुंजीचिन्ह बदलताच त्याच क्रमांकाचा स्वर बदले. याउलट बॅरी ब्रुक व मरे गोल्ड यांच्या ‘प्लेन अँड ईझी’ संकेतावलीत (१९६४) टंकलेखन यंत्रावरील चिन्हांनी स्वरनाम व कालमान नोंदविले जाते. संगीत हस्तलिखितांच्या सूचींत रचनांचे आरंभीचे स्वर देण्यास ती उपयुक्त ठरली.

नेदर्लंड्समधील हान-वेन निनहाउस व यान न्यूवनहाउझन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या ‘लिलिपाँड’ने दुसरा मार्ग पुढे नेला. त्यात ‘सी’ हे अक्षर व ४ हा अंक लिहिल्यास ‘सी’चा चतुर्थांश स्वर उमटतो, स्वरांमधील अंतर व दांड्यांची दिशा आज्ञावली ठरविते. धातूच्या पत्र्यावर हाताने स्वरलेखन कोरणाऱ्या कारागिरांचे कौशल्य अशा रीतीने नियमबद्ध झाले. शिवाय आज्ञावली कालबाह्य झाली, तरी अशी संहिता माणसास वाचता येते; जतनाच्या दृष्टीने हे तिचे महत्त्व होय.