मोमिनाबादचे आजोबा

परवा बऱ्याच वर्षांनी अंबाजोगाईला जाणं झालं. योगेश्वरीचं दर्शन घेतलं आणि ऊन उतरल्यावर मुकुंदराजांच्या समाधीकडे निघालो. बालाघाटचं पठार इथे एकदम तुटतं. काळा खडक, सीताफळाची झुडपं आणि खाली दरी.

'विवेकसिंधु' शके १११० चा, म्हणजे इ.स. ११८८. ज्ञानेश्वरीच्या १०२ वर्षं आधीचा. मुकुंदराज आमचे की विदर्भातल्या आंभोऱ्याचे, हा अभ्यासकांचा वाद जुना आहे. आमच्या घरात मात्र तो केव्हाच मिटलाय! पुढे सोळाव्या-सतराव्या शतकात दासोपंत इथे राहिले. त्यांनी तर कागद सोडून चक्क कापडाच्या पासोडीवर मराठी लिहिली.

आणि याच गावात माझे आजोबा शिकले ते उर्दूतून. तेव्हा गावाचं नाव मोमिनाबाद, राज्य निजामाचं. कचेरी उर्दू, १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. आजोबांना उर्दूचा राग नव्हता, उलट चिडले की ते उर्दूतच चिडायचे. पण मराठीत साधा अर्ज करता येत नव्हता, हे त्यांना शेवटपर्यंत डाचत होतं.

आयर्लंडमध्ये इंग्रजीच्या रेट्यातून आयरिश भाषा टिकली ती डिंगलसारख्या, समुद्रात घुसलेल्या आडबाजूच्या भागांत. मोमिनाबाद काही आडबाजूला नव्हतं, घोडदळाच्या छावणीचं गाव होतं. मग मराठी टिकली कुठे? मला वाटतं, कीर्तनात आणि जात्यावर. आजी शाळेची पायरी चढली नव्हती, पण पहाटे दळताना तिच्या ओव्या संपत नसत. शिवाय गावात योगेश्वरी शाळा होती. १९३८ च्या सत्याग्रहात उतरण्याआधी स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक होते. आजोबांच्या धाकट्या भावाला घरच्यांनी तिथेच घातलं. सरकारी नोकरीचं काय, यावरून घरात बरंच वाजलं म्हणे.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं. पुढे कचेरीत मराठी आली. आजोबांनी पहिला मराठी अर्ज केला तो विहिरीसाठी.

जमिनीचे जुने उर्दू कागद अजून काकांच्या ट्रंकेत आहेत. आजोबा गेल्यापासून ते घरात कुणालाच वाचता येत नाहीत. या खेपेला फोटो काढून आणलेत. जुनं उर्दू हस्ताक्षर लागणारं तुमच्यापैकी कुणी असेल, तर जरूर कळवा.