बेंझॉइल पेरॉक्साइड
एक स्फोटशील कार्बनी पेरॉक्साइड. बेंजामिन कॉलिन्स ब्रॉडी (१८१७–८०) या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी ते १८५८ मध्ये बेंझॉइल क्लोराइड व बेरियम पेरॉक्साइड यांच्या विक्रियेने मिळविले. यातील दोन ऑक्सिजन अणूंमधील दुबळा बंध सहज तुटून मुक्त मूलके निर्माण होतात. या गुणामुळे विसाव्या शतकात ते मैद्याचे विरंजन, प्लॅस्टिकांसाठी बहुवारिकीकरण आणि मुरुमांवरील मलमे यांत वापरात आले. चीनने २०११ मध्ये पिठातील वापरास बंदी घातली.

मात्र हाच गुण धोक्याचाही ठरतो. कोरडी पूड उष्णतेने, घर्षणाने वा आघाताने स्फोट पावते. अमेरिकेतील ओहायओ राज्यात २ जानेवारी २००३ रोजी एका कारखान्यात ती वाळविताना असाच स्फोट झाला. म्हणून ही पूड पाण्याने ओलसर राखून थंड जागी साठवितात व सांडल्यास वाळू देत नाहीत.