पत्त्यांतला हुकूम आणि भविष्याचे पत्ते

मागच्या महिन्यात बचत गटाची बैठक संपल्यावर एका ताईंनी हळूच विचारलं, “मोबाइलवर एक बाई पत्ते मांडून भविष्य सांगते. टॅरो म्हणतात त्याला. हजारो वर्षांची इजिप्तची विद्या आहे म्हणे. पाचशे रुपये भरले की मुलीचं लग्न कधी जमेल ते सांगेल. भरू का?”

आम्ही हसलो नाही. लेकीच्या काळजीपोटी विचारलेला प्रश्न होता तो. उत्तर शोधता शोधता पत्त्यांची सगळी गोष्टच हाती लागली.

आपण मेंढीकोट खेळतो, त्यात ५२ पत्ते आणि चार रंग असतात. इजिप्तमध्ये मामलुक सुलतानांच्या काळात असाच ५२ पत्त्यांचा कॅट होता. त्याचे रंग होते पेले, नाणी, तलवारी आणि पोलो खेळायच्या काठ्या. त्यात राजा होता, त्याचे दोन नायब होते, राणी मात्र नव्हती. आपल्या सावंतवाडीच्या गोल गंजिफ्यातही राजा आणि प्रधानच असतात. राणी पुढे युरोपात पत्त्यांत आली.

व्यापाऱ्यांच्या वाटेने हे पत्ते युरोपात पोचले. १३७७ साली इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात पत्त्यांच्या खेळावर बंदी घातल्याची नोंद आहे. म्हणजे तोवर लोकांना चांगलाच नाद लागला होता. आपल्या ओळखीचे बदाम, चौकट, किलवर, इस्पिक हे रंग शंभरेक वर्षांनी फ्रान्समध्ये ठरले.

मग टॅरो कुठून आला? १४४० च्या सुमारास उत्तर इटलीत कोणीतरी साध्या कॅटला २२ चित्रांचे पत्ते जोडले. सम्राट, पोप, सूर्य, चंद्र, मृत्यू अशी ती चित्रं. त्यांचं काम काय? हुकमाचं! आपण डावात एक रंग हुकूम ठरवतो, तसे हे कायमचे हुकूम. चार रंगांचे ५६ आणि हे २२ मिळून ७८ पत्ते झाले. मिलानच्या सरदार घराण्यासाठी सोन्याचा वर्ख लावून रंगवलेले असे पत्ते आजही जपून ठेवलेले आहेत. म्हणजे आधी साधे पत्ते आले, टॅरो नंतर, आणि तोही हात जिंकायचा खेळच होता. सुमारे साडेतीनशे वर्षं लोक तो मुख्यतः खेळतच होते.

इजिप्तच्या विद्येची गोष्ट १७८१ ची. पॅरिसच्या कूर द जेब्लँ नावाच्या लेखकाने छापलं, की या चित्रांत इजिप्तच्या पुजाऱ्यांचं गुप्त ज्ञान आहे. तेव्हा इजिप्तची जुनी चित्रलिपी कोणालाच वाचता येत नव्हती. ती उलगडली १८२२ मध्ये, आणि तिच्यात टॅरो काही सापडला नाही. पण तोवर भविष्य सांगणाऱ्यांचा धंदा बसला होता.

या गोष्टीत एक बाईही आहे. आज मोबाइलवर जी चित्रं दिसतात, त्यांतली पुष्कळशी १९०९ साली लंडनला छापलेल्या कॅटवरून घेतलेली आहेत. ती सगळी पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढली. कॅट ओळखला गेला तो छापणाऱ्याच्या आणि तो काढवून घेणाऱ्या लेखकाच्या नावाने. तिला मोबदला फार थोडा मिळाला. १९५१ मध्ये ती गेली तेव्हा अंगावर कर्ज होतं. लाखो लोकांचं भविष्य ज्या चित्रांत शोधतात, ती काढणारीच्या हाती काय आलं, याचा विचार करा.

आम्ही ताईंना एवढंच सांगितलं, की पत्ते मांडून मन मोकळं करावंसं वाटलं तर त्यात वाईट नाही. पण पिसलेल्या कॅटला तुमच्या लेकीचं नावही माहीत नसतं. लग्न कधी करायचं, शिक्षण किती घ्यायचं, हे आधी तिलाच विचारा.

ताई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “तिला अजून विचारलंच नाही मी.”

मैत्रिणींनो, पैसे भरण्याआधी घरात असा एक प्रश्न विचारून बघा. आणि दुपारी सवड मिळाली, तर मेंढीकोटचा एक डाव जरूर टाका. पत्ते त्यासाठीच निघाले होते.