गॅलन

द्रवाचे आकारमान मोजण्याचे ब्रिटिश परंपरेतील एकक. त्याचे लिटरमध्ये रूपांतर करताना गॅलन ब्रिटिश की अमेरिकी, हे आधी ठरवावे लागते. घोळ होतो तो बहुधा इथेच. राणी ॲन हिच्या काळात इंग्लंडमध्ये २३१ घन इंचांचा ‘वाइन गॅलन’ कायद्याने ठरला. अमेरिकेने तोच पुढे चालू ठेवला (३.७८५ लिटर). ब्रिटनने मात्र १८२४ च्या कायद्याने तो मोडीत काढला आणि ६२ अंश फॅरेनहाइट तापमानाचे १० पौंड पाणी जेवढी जागा व्यापते, तेवढा नवा गॅलन मानला (आता ४.५४६०९ लिटर). त्यामुळे ५ ब्रिटिश गॅलन म्हणजे जवळजवळ ६ अमेरिकी गॅलन. दोन्हींत पिंट ८च, पण ब्रिटिश पिंट २० औंसांचा (५६८ मिलि.), तर अमेरिकी १६ औंसांचा (४७३ मिलि.). गंमत अशी, की सुटा औंस घेतला तर अमेरिकी (२९.५७ मिलि.) ब्रिटिश औंसापेक्षा (२८.४१ मिलि.) मोठा भरतो. भारताने १९५६ च्या वजनमापे कायद्याने दशमान पद्धत स्वीकारली व गॅलनची जागा लिटरने घेतली. तेलाच्या बाजारभावातील पिंप (बॅरल) ४२ अमेरिकी गॅलनांचे, म्हणजे सुमारे १५९ लिटरचे असते.