खळ्यावरची मजुरी
माण तालुक्यातलं आमचं घर सुताराचं. आजोबा वर्षभर कुणब्यांचे नांगर भरत, कुळवाचं जानवळं बदलत, पाभरीचं चाडं नीट करून देत. नवी गाडी किंवा घराचं लाकूडकाम असेल तर पैसे वेगळे ठरत. बाकी सगळं बलुत्यात. ज्वारीची मळणी झाली की ते पाटी घेऊन खळ्याखळ्यावर जात आणि धनी घालील तेवढं धान्य घेऊन येत.

पैशावाचून चालणाऱ्या या गावगाड्याचं हल्ली फार कौतुक होतं. त्यात तथ्य आहेच. आमच्या गावात दुसऱ्या सुतारानं येऊन हत्यार चालवायचं नाही, हा आमचा वतनी हक्क होता. मराठेशाहीत अशा हक्कांचे तंटे गोतसभेपुढे चालत, निवाड्याचे महजर होत. पण माण हा दुष्काळी मुलूख. पाऊस गेला तरी आउतं दुरुस्त करावीच लागत; खळं मात्र रिकामं असे. आणि भरल्या साली माप कुणाच्या हातात? देणाऱ्याच्या.

तरी सुताराचं काम काय, हे ठरलेलं होतं. महारांचं तेही नव्हतं. सांगावा पोचवणं, सरकारी वसुलाची राखण, अंमलदारांची सरबराई, कोणत्याही वेळी येईल ते. राबायचं सरकारसाठी आणि पोटाला मागायचं रयतेकडे. माणुसकीचा हक्क मागितला की गाव बलुतं बंद करी. उपासमार हेच गावाचं हत्यार होतं. म्हणून १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं. या कामाचा मोबदला ठरलेला आणि रोख असावा, ही त्यातली मागणी मला फार मोलाची वाटते. दया पवारांनी १९७८ साली आत्मकथनाला ‘बलुतं’ हेच नाव दिलं, ते याच जगण्यावरून. महार वतनं जायला १९५८ चा कायदा यावा लागला.

सुतारांचं बलुतं कायद्यावाचूनच आटलं. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, तिथले लोखंडी नांगर हळूहळू गावोगाव पोचले. लाकडी नांगर गेला, तशी आमची निम्मी कामं गेली. पाटाचं पाणी लाभलेल्या गावांत ऊस आला. तो थेट कारखान्याला जाई, त्याची रास खळ्यावर पडत नसे. शेवटी चुलते वाकस, किंकरं, करवत घेऊन मुंबईला गेले आणि परळला एका मिस्त्रीच्या हाताखाली रोजावर लागले.