मनोविकारशास्त्रावरील सामाजिक कलंक

मनोविकारशास्त्र ही वैद्यकशाखा, तिचे उपचार आणि ते करणारे डॉक्टर यांच्याकडे संशयाने, उपहासाने किंवा कमीपणाने पाहण्याच्या वृत्तीला मनोविकारशास्त्रावरील सामाजिक कलंक असे म्हणतात. रुग्णाला लागलेला डाग येथे त्याच्या वैद्यालाही लागतो. जागतिक मनोविकारशास्त्र संघटनेने याविषयी २०१० मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या.

महाराष्ट्रातील स्वरूप

नागपूर, ठाणे, येरवडा (पुणे) व रत्नागिरी येथे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. बोलभाषेत ‘याला ठाण्याला पाठवा’, ‘हा येरवड्याचा’ असे टोमणे रूढ झाले. येरवड्यास कारागृहही असल्याने तो टोमणा दुहेरी लागतो. नागपुरात ‘पागलखाना चौक’ हे नाव अजून प्रचारात आहे. भंडारा जिल्ह्यातील नाकाडोंगरीसारख्या गावातून नागपूर गाठू पाहणाऱ्या कुटुंबाला प्रवासखर्चाइतकेच हे नावही जड जाते.

कारणे

या कलंकाचे खापर केवळ लोकांच्या अज्ञानावर फोडता येत नाही. १९१२ च्या कायद्यात रुग्णाला दाखल करण्याची प्रक्रिया बव्हंशी दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने चाले. त्यामुळे डॉक्टर हा उपचारकापेक्षा पहारेकरी वाटे. भूल न देता दिल्या जाणाऱ्या विद्युत उपचारांची धास्ती चित्रपटांनी अधिकच वाढवली. ‘या गोळ्यांची सवय लागते’ हा आक्षेप काही झोपेच्या व चिंताशामक औषधांपुरता खरा आहे. नैराश्यावरील औषधांचे व्यसन लागत नाही, मात्र तीही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू थांबवावी लागतात. खुद्द वैद्यकीय शिक्षणातही या विषयाला एम.बी.बी.एस. परीक्षेत दीर्घकाळ स्वतंत्र प्रश्नपत्रिका नव्हती. ‘वेड्यांचा डॉक्टर’ ही हेटाळणी सहाध्यायांकडूनही ऐकावी लागते.

परिणाम

अनेक रुग्ण आधी देवऋषी किंवा मांत्रिकाकडे जातात व आजार बळावल्यावर डॉक्टरांकडे येतात. मग गुण उशिरा येतो आणि ‘या डॉक्टरांकडे कोणी बरे होत नाही’ हा समज आणखी पक्का होतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या विकारांतील उपचारांविना राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळले. अर्थात त्यामागे तज्ज्ञांची टंचाईही आहे.

बदल

२९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने भूल व स्नायू शिथिल करणारे औषध न देता विद्युत उपचार करण्यास मनाई केली आणि विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने वागवणे बंधनकारक केले. ‘देवराई’ (२००४) या मराठी चित्रपटाने छिन्नमनस्कतेचे सहृदय चित्रण केले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था ज्या गावाच्या नावाने टोमणे मारले जात, त्या ठाण्यातच आहे.