टोलचा पूल, फुकटचा पूल

पुलावर कोंडी होऊ लागली की जवळच आणखी एक पूल बांधायचा, हा उपाय लंडनने एकोणिसाव्या शतकात करून पाहिला. टेम्सवर १८१७ साली वॉटर्लू आणि १८१९ साली सदर्क असे दोन पूल खासगी कंपन्यांनी उभारले. भांडवल भागधारकांचे, तेव्हा टोल आलाच. वॉटर्लूवरून पायी जाणाऱ्यालाही एक पेनी मोजावी लागे. सदर्कच्या शेजारच्याच लंडन ब्रिजवर मात्र १७८२ पासून टोल नव्हता. कारकून, हमाल आणि गाडीवान गर्दीत खोळंबत का होईना, त्याच पुलावरून जात राहिले. नव्या पुलांचे भागधारक लाभांशाची वाट पाहत बसले. यातले मर्म कारभाऱ्यांना कळायला जवळजवळ अर्धे शतक लागले. सदर्कचा टोल १८६४ मध्ये उठला, वॉटर्लूचा १८७८ मध्ये, तोही सार्वजनिक पैशातून कंपनीला मोबदला देऊन. १८९४ चा टॉवर ब्रिज तर मध्ययुगापासून साठत आलेल्या पूलनिधीतून बांधला गेला आणि पहिल्या दिवसापासून फुकट होता.

दोष टोलचाच कशावरून, असे कोणी विचारील. सदर्कचा चढ खडा होता, रस्ता अरुंद होता. टोल उठल्यावरही गाड्या तिकडे फारशा वळल्या नाहीत. हे खरेच आहे, पण गाडीवानाच्या हिशेबात पेनीबरोबर घोड्यांचा दमही धरलेला असतो. अधिक वजनदार आक्षेप स्टॉकहोमचा. तिथे २००६ मध्ये शहराच्या मध्यभागी येण्याजाण्यावर प्रायोगिक आकार बसवला, वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली, आणि आधी नाके मुरडणाऱ्या शहराने सप्टेंबरच्या सार्वमतात तो थोडक्या बहुमताने मान्य केला. मग टोलने कोंडी सुटते की नाही? सुटते, पण पर्यायी वाटांवरही तो असला तर. स्टॉकहोमने एसिंगे महामार्ग तेवढा मोकळा ठेवला होता. २०१६ मध्ये त्यालाही आकार लावला.

मुंबईला हा धडा उसना आणायची गरज नव्हती. माहीमचा कॉजवे १८४५ मध्ये खुला झाला तो अवाबाई जमशेटजी जीजीभाय यांच्या दीड लाखाहून अधिक रुपयांच्या देणगीमुळे, आणि त्यांची अट अशी की सरकारने तिथे टोल घेऊ नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये शहराच्या पाचही नाक्यांवर मोटारींचा टोल माफ झाला. त्यात कोंडी होणारा वाशीचा पूलही आला. त्याच वर्षी जानेवारीत सुरू झालेल्या शिवडी-न्हावाशेवा अटल सेतूवर मात्र मोटारीला एका फेरीचे २५० रुपये पडत होते. दोन्ही पुलांचे प्रवासी सर्वस्वी एक नाहीत, शिवडीहून न्हावाशेव्याला निघालेल्याला वाशीचा वळसा फार लांबचा. पण ज्यांना दोन्ही वाटा सारख्याच सोयीच्या आहेत, त्यांच्यापुढे सरकारने सदर्क आणि लंडन ब्रिज शेजारी शेजारी मांडून ठेवले. वाशीच्या कोंडीवर उतारा शोधताना आणखी मार्गिकांचा खर्च काढण्याआधी या २५० रुपयांचा हिशेब व्हायला हवा.